बॉलचा बारकोड

माझी मुलगी शाळेच्या टेबल टेनिस संघात होती आणि ठाण्याच्या मुलींकडून न चुकता हरत होती. कारण एकच. त्या मुली टॉपस्पिन मारायच्या. म्हणजे बॉल ठोकायचा नाही, बॅट खालून वर घासत न्यायची. असा बॉल गरगरत येतो, टेबलावर पडला की अंगावर उसळतो आणि आपण नुसती बॅट लावली की थेट पंख्याकडे निघतो. शाळेतले सर म्हणाले, कोणीतरी तिला असे बॉल मारून दिले पाहिजेत, नाहीतर जिल्ह्याच्या निवड चाचणीत काही खरं नाही.

ठाण्यात क्लास होता. दोनदा घेऊन गेलो. दोन्ही वेळा वाटेत कशेळीला ट्रकांच्या मागे इतका वेळ गेला की आम्ही पोहोचलो तेव्हा नेट उतरवून ठेवत होते. परत येताना ती स्कूटरवर मागून म्हणाली, "राहू द्या पप्पा. हरीन मी." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मी मारून देतो बॉल. शिकतो." त्यावर हेल्मेटच्या आतून जो "हूं" आला, तो मी आजही विसरलेलो नाही.

मी मानकोलीच्या एका गोडाऊनमध्ये स्कॅनिंगला आहे. आमच्या कँटीनमध्ये टेबल टेनिसचं टेबल आहे, त्यावर बहुतेक वेळ डबेच मांडलेले असतात. फोर्कलिफ्ट चालवणारे एक चाचा तरुणपणी त्यांच्या गावाकडे बक्षिसं मिळवण्याइतके खेळलेले. त्यांना गाठलं. त्यांनी डबे बाजूला सारले आणि बॉल टाकायला सुरुवात केली.

बॉल आला की मी बॅट बरोब्बर त्याच्यासमोर नेत होतो आणि तिथेच थांबवत होतो. दहा वेळा सांगून झालं, पंधरा वेळा झालं. शेवटी चाचांनी कपाळावर हात मारला.

"अरे भाई, बॉल का बारकोड पढ़ रहे हो क्या?"

अख्खं कँटीन हसलं. मला राग आला, पण माणूस खरं बोलत होता. इतकी वर्षं मी हेच करतोय. खोका आला, स्कॅनर समोर धरला, हात स्थिर, बीप वाजलं, पुढचा खोका. माझा हात बीप ऐकल्याशिवाय हलायलाच तयार नव्हता. मग मी चिडून जोरात फिरवला, तर बॉल सुपरवायझरच्या डाळीत पडला.

तरी हट्ट सोडला नाही. ड्युटी सुटल्यावर नाक्यावर उभा राहून रिकामा हात खालून वर फिरवायचो. प्रत्येक वेळी एक रिक्षा करकचून ब्रेक मारून उभी राहायची. "कल्याण? ठाणा? किधर?" नंतर नंतर रिक्षावाले मला बघून तोंड फिरवायला लागले आणि खरंच घरी जायचं असलं तरी कोणी थांबेना. घरी गच्चीवर सराव सुरू केला, तर अंबाडी गावाहून आलेली आई जिन्यात उभी राहून बघत बसली. म्हणाली, "हात धरलाय का रं तुझा? तेल चोलून देऊ?" मी म्हटलं, खेळ आहे. "मंग बॉल कुठं हाय?"

मग सणाची गर्दी आली आणि आम्हा सगळ्यांना पॅकिंगला लावलं. दिवसभर टेप मारायची. आमच्याकडची पद्धत अशी, की टेप खोक्याच्या जवळच्या बाजूला खाली चिकटवायची, वर ओढायची आणि कडेवरून तशीच पुढे न्यायची. हात दाबला तर खोका पिचकतो, सैल सोडला तर टेप धरत नाही. मधे थांबलात तर सुरकुती पडते. चौथ्या दिवशी चाचा फोर्कलिफ्ट थांबवून माझ्याकडे टक लावून बघत राहिले.

"यही तो है! बस यही मारना है!"

त्या दुपारी मी बॉलला टेप मारली. बॉल वर उठला, नेटपलीकडे खाली वळला आणि चाचांच्या कोपराला लागला. मला इतका आनंद झाला की मी जेवायचंच विसरलो.

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये मुलीसमोर उभा राहिलो. माझा पहिला बॉल तिच्या बॅटवरून पंख्याला लागला. तिने माझ्याकडे नवीनच माणूस आल्यासारखं पाहिलं. "परत," ती म्हणाली. पुढे महिनाभर ती एवढंच म्हणत होती. हळूहळू तिने बॅट पुढे झुकवून धरायला सुरुवात केली आणि बॉल पंख्याकडे जायचा थांबला.

निवड चाचणीत ती ठाण्याच्या मुलीकडून हरली.

मी समजूत घालायची वाक्यं तयार ठेवली होती. ती घाम पुसत आली आणि म्हणाली, "सर्व्हिसवर हरले पप्पा. टॉपस्पिनचे सगळे परत टाकले. तिचा बॉल तुमच्याएवढा फिरतच नव्हता."

मला हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात. समोर जिंकलेल्या मुलीचे आईवडील माझ्याकडे बघत होते. मी कोणाचा बाप, हेच त्यांना कळत नव्हतं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी टेबलावरचे डबे उचलले आणि चाचांना विचारलं, "सर्व्हिस आती है?"