मुलग्यांची शाळा
सिंगापूरच्या बुकित तिमाह भागातली ती शाळा मला फाटकातूनच आवडली नाही. नवऱ्याच्या साहेबाचा मुलगा तिथे जायचा, एवढ्यावर आमच्या घरी ती जवळजवळ ठरली होती. खासगी, इंग्लंडच्या वळणाची, फक्त मुलग्यांची. आम्हाला जुळं आहे, एक मुलगा आणि एक मुलगी. तेव्हा दोघं सहा वर्षांची होती. मुलीचं काय, असं मी विचारलं तर नवरा म्हणाला, तिचं बघू नंतर.

शाळा बघायला मी तिलाही मुद्दाम नेलं. मुख्याध्यापक उंच, गोड बोलणारे. त्यांनी तरणतलाव दाखवला, मग सुतारकामाची खोली. तिथे मुलीने टेबलावरची हातोडी उचलली. त्यांनी हसत हसत ती तिच्या हातातून काढली आणि माझ्या मुलाला दिली. त्याने ती मुकाट्याने परत ठेवली.

ऑफिसात त्यांनी मुलाला काहीबाही विचारलं. तो लाजरा. उत्तरं मुलगीच देत राहिली. ते म्हणाले, बघा, मुली अशा पुढे पुढे करतात, म्हणून मुलगे मागे पडतात. वेगळे ठेवले की फुलतात. नवरा मान डोलावत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आणि माझ्या मुलीने काय करायचं?" मी विचारलं.

क्रीडादिनाला बहिणींचं स्वागतच असतं, असं ते म्हणाले. मुलीने लगेच विचारलं, मग मला पळायला मिळेल का? नाही, पण बसायला छान सावली असते, असं सांगून त्यांनी तिच्या डोक्यावर थोपटलं. मी तिचा हात धरून उठले.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "तुला तिथे माझा अपमानच करायचा होता."

"अपमान तुझ्या मुलीचा झाला. तू मान डोलावत होतास."

पुढे कितीतरी दिवस आम्ही दूध-भाजीपुरतंच बोललो. पुण्याहून सासूबाईंचा फोन आला, मुलाचं नुकसान करू नकोस म्हणून. मी सांगितलं, जातील तर दोघं एकाच शाळेत. तेवढ्यात शाळेने मुलाला जागा दिल्याचं कळवलं. नवऱ्याला न विचारता मी नकार कळवून टाकला.

आता दोघं बुओना व्हिस्टाजवळच्या एका शाळेत जातात. शाळा बेताचीच आहे. मुलगा वाचनात अजून मागे आहे, आणि प्रगतिपुस्तक आलं की नवरा त्या शाळेचं नाव काढतोच.

परवा साहेबाच्या घरी जेवायला गेलो होतो. मुलाला त्या शाळेत का नाही घातलं, असं साहेबाच्या बायकोने विचारलं, तेव्हा नवऱ्याने सांगितलं की आम्हाला तिथे प्रवेशच मिळाला नाही.

"मिळाला होता," मी म्हटलं. "मी नको म्हणून कळवलं."

साहेबाच्या बायकोने भाताचं भांडं पुढे केलं. परतताना एमआरटीच्या डब्यात नवरा दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. मीही त्याला बोलावलं नाही.