विरोध एक

जगातल्या सगळ्या गरीब देशांनी मिळून एकच परराष्ट्रमंत्री नेमायचं ठरवलं, तर मी म्हसवडच्या पलीकडच्या एका गावातल्या गिरणीवाल्या आप्पांचं नाव सुचवीन. त्या गावात मी बरीच वर्षं ग्रामसेवक होतो. आप्पांचं शिक्षण सातवी, पण दळणाला आलेल्या बायकांना ते मोठ्या देशांची कर्जं आणि करार समजावून सांगत. गिरणीच्या वर आवाज चढवायची इतकी सवय, की गिरणी बंद असतानाही ते ओरडूनच बोलत. गुपित सांगायचं असलं की आधी दार लावून घेत आणि मग ते पार चावडीपर्यंत ऐकू जाई.

कुणी काही देऊ केलं की त्यांचा एकच प्रश्न, "अट काय?" चहाच्या कपालाही हाच प्रश्न. थोरल्याच्या लग्नात व्याह्यांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं, तेव्हा भर मांडवात आप्पांनी विचारलं. व्याही रडकुंडीला आले. "आवं, घड्याळ हाय, अट कसली?" आप्पा म्हणाले, "मग सेल संपल्यावर कुनी घालायचा, त्ये आत्ताच सांगा." गावात दोन गट होते. आप्पा दोन्हीकडच्या पंगतीला जात, पण तिसरा लाडू कुणाचाच घेत नसत. म्हणत, "दोन लाडवांपातूर पाहुणचार. तिसऱ्यापासनं मिंधेपना."

मग परदेशी मदतीची पाणीयोजना आली. ग्रामसभेत पाहुण्यांना फेटे बांधले, आणि तालुक्याच्या साहेबांनी सगळा करार वाचून दाखवला. पंप पाहुण्यांच्या देशाचा, त्याची दुरुस्तीही त्यांचीच माणसं करणार. आप्पा उभे राहिले.

"म्हसवडच्या फिटरनं हात लावला तर चालंल का?"

"नाही, करारात बसत नाही," साहेब म्हणाले.

"मंजी पंप त्यांचा, तहान तेवढी आमची." त्यांनी माझ्याकडे बघत हात वर केला. "भाऊसाहेब, माझा विरोध लिवा."

"बसा आप्पा, दळण खोळंबलंय," मागून कुणीतरी म्हणालं आणि सभा हसली. मी आप्पांकडे बघून 'लिहितो' अशी मान हलवली आणि लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर.' साहेबांनी जीपमध्येच मला सांगून ठेवलं होतं, एकमत दिसलं नाही तर योजना शेजारच्या गावाला जाईल. हे खरं आहे, पण अर्धंच. मला आष्ट्याला, घराजवळ बदली हवी होती, आणि ती साहेबांच्या हातात होती. त्याच वर्षी ती झाली.

पंप दोन उन्हाळे चालला. नंतर बिघडला तो बिघडलाच. सुटा भाग समुद्रापलीकडून यायचा होता, तो आला नाही. म्हसवडचा फिटर आला, पंपाभोवती एक फेरी मारून, करारापायी हात न लावताच परत गेला. गाव टँकरवर आलं. "मी तवाच विरोध केला हुता," असं आप्पा म्हणाले, तेव्हा कुणीतरी इतिवृत्ताची वही काढून त्यांच्यापुढे धरली. तेव्हापासून त्यांचं नावच पडलं, 'सर्वानुमते आप्पा'. ते उलट एवढंच म्हणत, "मी हात वर केला हुता." हे सगळं मला आष्ट्यात बसून कळत होतं आणि मी गप्प होतो.

यंदा गेलो. गिरणी आता सूनबाई चालवते. आप्पांना सगळं सांगितलं. त्यांच्यासमोर बसून गिरणीचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"चारचौघांत सांगायला तयार आहे," मी म्हणालो.

"अट काय?"

"काही नाही."

"माफी पायजे आसंल."

मी मान हलवली.

"मग तीबी ग्रामसभेतच मागा."

ग्रामसभेत मी उभा राहून जुन्या वहीतला माझा खोटेपणा वाचून दाखवला आणि माफी मागितली. सरपंचबाईंनी ठराव मांडला, आप्पांचा त्या दिवशीचा विरोध नोंदवून घ्यावा. सगळे हात वर गेले. नवी ग्रामसेविका लिहिता लिहिता पुटपुटली, "सर्वानुमते..."

"थांब बाय," आप्पा गरजले. "माझा विरोध लिव."

"आवं आप्पा, ठराव तुमच्याच बाजूचा हाय," सरपंचबाई म्हणाल्या.

"आसू दे. पर ह्या वहीत त्यो शब्द परत नगं."

सभा हसली, पण यावेळचं हसणं वेगळं होतं. ग्रामसेविकेनं खोडलं आणि लिहिलं, 'बहुमताने मंजूर. विरोध एक.' मी वाकून दोनदा वाचलं. आप्पांचा हात तोवर वरच होता. ती लिहून होईपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही. पंपाच्या त्या सभेतही घेतला नव्हता. मीच खाली मान घालून लिहीत होतो.