बारा किलोमीटरनंतर बंद पडणारी गाडी

घरून निघताना माझी मोटरसायकल अर्ध्या किकमध्ये चालू व्हायची. त्यामुळे ती बिघडली आहे, हे कुणाला पटतच नव्हतं.

माझं सासर निमगाव सावा आणि नोकरी अवसरी बुद्रुकला, एका औषधाच्या दुकानात. तिथं फार्मसिस्ट मी एकटीच. शेठ नियमाचे पक्के, मी नऊला पोचेपर्यंत ते गिऱ्हाइकाला एक गोळीसुद्धा देत नसत. एसटीच्या वेळा जुळेनात, म्हणून दिवाळीनंतर मी नवऱ्याची जुनी, कार्बोरेटरवाली मोटरसायकल घ्यायचं ठरवलं. तो चाकणला कंपनीत, कंपनीच्या बसनं जातो. गाडी नुसती ओट्याखाली उभी असायची. सुट्टी टाकून त्यानंच आठवडाभर शिकवली. गिअरच्या गाडीवर बाई बघून लोक वळून बघायचे, पण त्याची सवय झाली.

सवय झाली नाही ती बंद पडण्याची. दहा-बारा किलोमीटर गाडी झकास पळायची. मग एकदम दम गेल्यासारखी व्हायची, दोन-चार झटके खायची आणि थांबायची. किक मारून मारून पोटरी भरून यायची. साडी सोडून मी पंजाबी ड्रेस घालायला लागले, ते या किकमुळेच. दहा-पंधरा मिनिटं गेली की मात्र काही न करताही चालू व्हायची, आणि दुकानाआधी पुन्हा एकदा बंद पडायची.

बाई उभी दिसली की कुणी ना कुणी थांबायचंच. पहिला प्रश्न ठरलेला, "पेट्रोल हाय का वहिनी?"

"आहे."

"बघू तरी." मग किल्ली माझ्या हातातून घ्यायची, टाकीचं झाकण उघडायचं, आत डोकवायचं, गाडी डावी-उजवीकडे हलवायची, झाकण लावायचं आणि किक मारायची. लगेच चालू!

"काय न्हाई वो, किक जोरात मारायची."

हे मी किती जणांकडून ऐकलं असेल! एकानं सांगितलं, चोक ओढून चालवत असाल. दुसऱ्यानं सांगितलं, बायकांना क्लच सोडता येत नाही. "बारा किलोमीटर तर नीट आले ना मी," असं म्हटलं की तो हसून निघून जायचा.

दुकानात पोचेपर्यंत साडेनऊ झालेले असायचे. बाहेर चार-पाच माणसं चिठ्ठ्या धरून उभी. शेठ काही बोलत नसत, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. ते बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

गावातल्या गॅरेजवाल्याकडे चार वेळा गेले. पहिल्यांदा त्यानं प्लग बदलला. दुसऱ्यांदा कार्बोरेटर खोलून पेट्रोलनं धुतला, जेटमधून हवा मारली. तिसऱ्यांदा म्हणाला, गरम झाल्यावर कॉइल काम करीत न्हाई. कॉइल बदलली. दर वेळी तो शाळेपर्यंत एक चक्कर मारून यायचा आणि गाडी स्टँडला लावायचा. "लई भारी चालतीय."

"दादा, एवढ्यात ती बंद पडतच नाही. लांब न्यायला पाहिजे."

"ताई, माझ्याकडं गिऱ्हाईक उभं हाय."

चौथ्यांदा त्यानं पेट्रोल पंपावर शंका घेतली. ती मला पटली, कारण टाकी फुल्ल केली की गाडी नेहमीपेक्षा लवकर बंद पडायची, हे मी स्वतः बघितलं होतं. मी पंप बदलला. फरक शून्य. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "रविवारी मी चालवली की. काहीच झालं नाही."

"कुठपर्यंत नेली होती?"

"मळ्यापर्यंत."

मळा घरापासून दोन किलोमीटरवर. मी फोन ठेवून दिला. माहेरी, पिंपरी पेंढारला, भावाला विचारलं, तर त्यानं गाडी विकायचा सल्ला दिला. मला विकायची नव्हती. तिला काय झालंय, तेवढं कुणीतरी नीट सांगायला हवं होतं.

जानेवारीतली गोष्ट. साडेपाचला दुकानातून निघाले. दुपारीच टाकी भरली होती. निम्म्या वाटेवर, दोन्ही बाजूंना उभा ऊस असलेल्या ठिकाणी गाडीनं झटके खाल्ले आणि थांबली. दिवस मावळत होता. त्याच पट्ट्यात आठवड्यापूर्वी बिबट्यानं वासरू नेलं होतं. मी गाडी ढकलायला लागले. भीती होती, पण तिच्यापेक्षा चीड जास्त होती. ढकलता ढकलता रडायलाच आलं.

उसाच्या पुढं कांदा काढलेल्या मोकळ्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या. एक धनगरीण त्यांच्याभोवती वाघरीचं जाळं ठोकत होती. मला बघून तिनं हाक मारली, "इकडं ये गं बाय, उसाकडंला नको हुबी राहू. हितं कुत्री हायती."

मी गाडी तिच्याजवळ नेली. तिचा मालक कोकरं कोंडत होता, त्यानं मान वर केली आणि पुन्हा कामाला लागला. आयुष्यात पहिल्यांदा गाडीपाशी कुणी किल्ली मागितली नाही. मीच रागानं झाकण उघडलं. आता तुम्ही पण विचारा, पेट्रोल हाय का, असं काहीतरी मनात चाललं होतं.

सुस्स आवाज आला.

"चाकाची हवा गेली काय गं?" मावशीनं विचारलं.

मी चाकं दाबून बघितली, दोन्ही टणक. झाकण लावलं, किक मारली. पहिल्याच किकला चालू. हवा चाकातून गेली नव्हती, टाकीत शिरली होती. पेट्रोल कमी होईल तशी वरून हवा आत यायला पाहिजे, आणि ती येत नव्हती. सलाईनच्या काचेच्या बाटलीला हवेची सुई टोचल्याशिवाय थेंब पडत नाही, हे कॉलेजात मी पाठ केलं होतं. टाकी भरलेली असली की वर हवा आधीच थोडी, ती चटकन विरळ होऊन पेट्रोल अडायचं, म्हणून गाडी लवकर थांबायची. आणि पेट्रोल बघायच्या नावाखाली जो तो झाकण उघडायचा, म्हणून त्याच्या किकला चालू व्हायची. दोन-अडीच महिने हे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण हे मला आधी का सुचलं नाही, या विचारानं अंगाचा तिळपापड झाला.

पुढं पहिला झटका बसताच थांबले, झाकण उघडलं, लावलं, निघाले. दहा मिनिटं वाट बघावी लागली नाही. दुसऱ्या दिवशी जाताना-येतानाही तसंच केलं. मग गॅरेजवर गेले.

"झाकणानं गाडी बंद पडत नसती, ताई."

"मागं बसा."

"मी?"

"हो. आज बंद पडेपर्यंत मी चालवणार."

तो अवघडून बसला. गावातून जाताना ओळखीचे लोक हसले, त्यानं मान खाली घातली. अकरा किलोमीटरवर झटके सुरू झाले. गाडी थांबली तसा त्यानं खिशातून प्लगचा पाना काढला.

"हात लावू नका. ऐका फक्त." मी झाकण उघडलं. सुस्स. किक मारली, चालू.

त्यानं झाकण हातात घेऊन उलटंपालटं केलं. आतल्या बाजूचं बारीक भोक एम-सीलनं गच्च बुजवलेलं होतं. "ह्ये कुणी केलं?" तो म्हणाला. मला ठाऊक नव्हतं. त्यानं खिळ्यानं सील खरवडलं, भोकातून फुंकर मारून बघितली आणि झाकण बसवलं. परत येताना गाडी एकदाही अडखळली नाही.

संध्याकाळी नवरा आल्यावर विचारलं, "टाकीच्या झाकणाला एम-सील तुम्ही लावलं होतं?"

"हो, पावसाळ्यात पाणी जात होतं ना आत. लांब कुठं न्यायचीच नव्हती तेव्हा."

"मला सांगितलं का नाही?"

"लक्षातच नाही राहिलं." मग म्हणाला, "पण आता चालतेय ना?"

मी ताटं वाढली. त्यानं आमटी चांगली झाल्याचं सांगितलं, मी भाताचं पातेलं त्याच्यापुढं सरकवलं.

आता मी नऊला दहा कमी असताना दुकानाचं शटर उघडते. शेठ घड्याळाकडे बघत नाहीत, पण मधले उशीर त्यांनी अजून मनातून काढलेले दिसत नाहीत. गॅरेजवाला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "ह्या ताईंच्या गाडीचा लई अवघड फॉल्ट व्हता, शेवटी मी धरलाच." एकदा माझ्यासमोरच सांगत होता. मी थांबून म्हटलं, "दादा, मी धरला होता." तो म्हणाला, "तेच की, आपण दोघांनी." समोरच्या माणसानं मान डोलावली आणि मला विचारलं, "ॲव्हरेज काय देती वहिनी?"