खणाची झोळी

लेकीच्या हॅमस्टरसाठी मी उरलेल्या खणाची छोटी झोळी शिवली. ती त्याला इतकी आवडली, की तशा आणखी शिवून प्रदर्शनात टेबल मांडलं. लोक हसून पुढे जात होते. सकाळी झोळी पाहून गेलेले एक गृहस्थ दुपारी आपल्या हॅमस्टरचा पिंजराच घेऊन आले.

"घर बदललं, तेव्हापासून हा कोपऱ्यातून हलत नाही," ते म्हणाले.

मी झोळी आत टांगली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तो वास घेत आला, वर चढला आणि अंगाचा गोळा करून झोपला. भोवती जमलेली माणसं आपोआप हळू आवाजात बोलू लागली.

संध्याकाळी माझं टेबल रिकामं होतं. एवढ्याशा जिवालाही हक्काची जागा लागते, आणि ती मला शिवता येते.