पाकळी पडेना

माझ्या थोरल्या जाऊबाई कळशी घेऊन विहिरीवर आल्या, पण दोर घरीच होता. विसरल्या असतील, असं कुणीही म्हटलं असतं. पण त्या पाण्याकडे ज्या तऱ्हेने बघत होत्या, ती तऱ्हा विसरलेल्या माणसाची नव्हती.

भातकापणीपासून त्या अशाच होत्या. पडवीतल्या खांबाला टेकून बसायचं, पुढ्यातलं ताट दूर सारायचं, रात्रभर जागं राहायचं. घरात वाईट काहीच घडलं नव्हतं, त्यामुळे गावाला तोंडसुख घ्यायला रान मोकळं. कुणी म्हणे आळस, कुणी म्हणे नवरा मुंबईला म्हणून ही थेरं. नवरा माझाही मुंबईलाच होता. या शहाण्यांची जीभ हासडावी असं मला वाटे.

मी त्यांचं मनगट धरलं आणि सरळ विचारलं, "जाऊबाय, जिवाचं काय बरंवाईट करायचं मनात हाय काय?"

"रोजच येतंय मनात," त्या म्हणाल्या. इतक्या पटकन, जणू कुणी विचारील याचीच वाट बघत होत्या. तेव्हापासून मी कुणालाही हे विचारायला भीत नाही. विचारल्याने कुणी मरत नाही.

मी त्यांना घरी आणलं आणि तडक सासऱ्यांपुढे उभी राहिले. म्हटलं, रत्नागिरीला अशा दुखण्याचा डॉक्टर आहे, लांज्याहून मोटार जाते, उद्याच नेऊ. मामंजी मायाळू, पण ग्रामदेवीला विचारल्याशिवाय पाऊल न उचलणारे. आधी दोनदा त्यांनी देवळात कौल लावला होता. सुनेला भूत लागलंय काय, एवढंच विचारलं आणि दोन्ही वेळा कोंबडं देऊन परतले.

"या वेळी डाक्तरचं विचारा!" मी म्हटलं. आवाज चढलाच माझा.

सकाळी गुरवाने देवीच्या मूर्तीला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मामंजींनी गाऱ्हाणं घातलं, "आई, सुनेला डाक्तरकडं न्यायची हाय. नेऊ काय?"

पाकळी पडेना. ऊन पायरी चढून आत आलं, तरी पडेना. जाऊबाईंचा हात माझ्या घामेजल्या हातातून निसटत होता. देवीने नाही म्हटलं तर यांना विहिरीपासून किती राखणार मी? दुसरं काही सुचत नव्हतं.

"आज आई बोलत नाय," शेवटी गुरव म्हणाला. "अवसेला बघू."

मामंजी उठले.

"मामंजी, मला न्या."

बोलल्या त्या जाऊबाई. मी तोंडाळ, पण त्या लग्न झाल्यापासून सासऱ्यांसमोर चकार शब्द बोलल्या नव्हत्या.

"अवसेपर्यंत मी ऱ्हायची नाय," त्या म्हणाल्या.

मामंजींनी देवीपुढे पुन्हा हात जोडले. "आई, रागावू नको. पोर बोलली, तिचं ऐकतो."

रत्नागिरीत त्या डॉक्टरांना 'वेड्यांचा डॉक्टर' म्हणत. दारात माणसं टकमक बघत होती आणि मामंजींची मान खाली होती. डॉक्टरांनी काय होतंय विचारलं, तेव्हा मामंजी सवयीने म्हणाले, "हिला बाहेरचं..." आणि थांबले. मग म्हणाले, "तीच सांगंल," आणि बाहेर जाऊन बसले.

जाऊबाई सांगू लागल्या. अडखळल्या, रडल्या, पुन्हा सांगू लागल्या. परतीच्या मोटारीची वेळ टळून गेली. मधेच कुणीतरी दार ढकललं, तेव्हा बाहेरून मामंजींचा आवाज आला, चांगला खणखणीत.

"वाईच थांबा. माजी सून बोलतेय."