शिंपल्यांचा टोप

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, असं आमच्या घरात सगळेच म्हणतात. असू दे. पण या एका गोष्टीत मी पूर्ण आठवडाभर तोंडातून शब्द काढला नव्हता, हेही त्यांनी लक्षात ठेवावं.

तेव्हा आम्ही मस्कतला वादी कबीरमध्ये राहायचो. आम्ही वसईचे ख्रिस्ती, आणि समोरच्या दारात मालवणकडचं हिंदू कुटुंब. नवरा-बायको आणि दोन मुली. तिचा नवरा गाड्यांच्या गॅरेजमध्ये फोरमन होता, माझा एका हॉटेलात एसीच्या कामाला. मी रोज अल् खुवैरला एका कंपनीच्या ऑफिसात जायचे, घरी पोचायला साडेपाच वाजायचे. माझी मुलगी सुरुवातीला चार वर्षांची, केजीत. शाळेची बस तिला दोन वाजता बिल्डिंगखाली सोडायची आणि तिथून ती सरळ समोरच्या घरी जायची. तिथेच जेवायची, तिथेच होमवर्क. शेजारणीच्या हातचा वरणभात तिला माझ्या वरणभातापेक्षा जास्त आवडायचा, आणि मला त्याचं काही वाटायचं नाही. मुलीला कांजिण्या आल्या तेव्हा मला रजा मिळेना, तर हीच बाई दिवसभर तिच्याजवळ बसून होती, खाजवू नकोस म्हणून तिचे हात धरून. माझी सख्खी बहीण वसईला असते. पण माझ्यासाठी तिथे बहीण म्हणजे हीच होती.

एकाच टोपातली मॅकरोनी मला ऑफिसातल्या एका फिलिपिनो बाईने शिकवली. मोठा टोप चढवायचा, तेलात कांदा-लसूण लाल करायचा, बीफचा खिमा घालून त्याचं पाणी आटेपर्यंत परतायचा. तिच्या कृतीत नुसती मिरपूड होती, मी घरून आणलेला बाटली मसाला दोन चमचे घालायचे. टोमॅटो पेस्टचा छोटा डबा रिकामा करायचा आणि मग कच्चीच मॅकरोनी त्यात ओतायची. वर दोन बोटं येईल एवढं गरम पाणी, झाकण, मंद गॅस. वीस मिनिटांत जेवण तयार, शेवटी वरून चीज. धुवायला एकच भांडं. त्याच सुमारास सरकारने आठवड्याची सुट्टी गुरुवार-शुक्रवारवरून शुक्रवार-शनिवारवर नेली, त्यामुळे गुरुवारची संध्याकाळ आमची झाली. दर गुरुवारी मॅकरोनी, हे ठरूनच गेलं.

अशाच एका गुरुवारी तिची धाकटी माझ्या दारात येऊन नाक वर करून वास घेत म्हणाली, "आंटी, व्हॉट इज दॅट? मला पण पाहिजे." मी तिथल्या तिथे सांगितलं, "बाळा, यात बीफ आहे, तुला नाही चालायचं. पुढच्या वेळी तुझ्यासाठी वेगळी करते, चिकनची." तिची आई मागेच उभी होती. "कशाला गो तुला त्रास," एवढंच म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती हातात स्टीलचा टोप घेऊन आली. नवाकोरा, काठावर तिच्या सासऱ्यांचं नाव आणि तिच्या लग्नाची तारीख कोरलेली. "हा तुझ्याकडेच ठेव. आमच्या पोरींचं यातच कर. आम्हा दोघांना गुरुवार असतो, पण पोरींना चालतं."

लग्नात आलेला टोप, तोही न वापरलेला, कोण कोणाला देतं? मला भरून आलं होतं, खरंच सांगते. मी तो वरच्या फळीवर एकटा ठेवला आणि नवऱ्याला बजावलं, याला हात लावायचा नाही, यात अंडंसुद्धा उकडायचं नाही.

आणि मग मी जे करायला लागले ते आठवलं की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते. सुपरमार्केटच्या मटणाच्या काउंटरवर केरळचा एक माणूस असायचा. त्याला मी आधी खिम्याचं मशीन धुवायला लावायचे, मगच चिकन घाल म्हणायचे. "मॅडम, यल्ला, पीछे लाइन है," असं तो कुरकुरायचा. पुढे माझाच त्या मशीनवरचा विश्वास उडाला. मग मी चिकन आणून घरी सुरीने बारीक करायला लागले. त्याला वेगळा बोर्ड, वेगळी सुरी, वेगळा कालथा. त्यांचा टोप आधी चढायचा, आमचा नंतर. आणि चुकूनही घोटाळा होऊ नये म्हणून आमच्या टोपात वाकड्या नळीची मॅकरोनी आणि त्यांच्या टोपात शिंपल्यांच्या आकाराची. म्हणजे एखादा चमचा जरी इकडचा तिकडे गेला तरी डोळ्याला दिसला असता. एका टोपातलं सोपं जेवण म्हणून जे सुरू केलं होतं, त्याला आता दीड तास लागायचा. नवरा भुकेने किचनमध्ये चकरा मारायचा. म्हणायचा, "सगळ्यांना चिकनच कर, खलास." मी म्हणायचे, "आपल्याला आपलं आवडतं, त्यांना त्यांचं. गप बस."

शनिवारी टोप परत यायचा, आणि कधीच रिकामा यायचा नाही. आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत, वसईला नाही आणि मालवणलाही नाही. कधी खोबऱ्याच्या वड्या, कधी घावणे, कधी बेसनाचे लाडू. "पोरींनी चाटूनपुसून खाल्लं गो," ती म्हणायची. शुक्रवारी मिस्साहून येताना मी पुढच्या गुरुवारसाठी शिंपल्यांचं पाकीट घेऊन ठेवायचे. असं तीन वर्षं चाललं.

तिसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात एका गुरुवारी, रात्रीची अजान होऊन गेल्यावर, मी कचरा टाकायला खाली गेले. बलदियाच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, मोठ्या डब्याशी तीन मांजरं एका फाटक्या पिशवीवर तुटून पडली होती. हुसकायला म्हणून मी पाय आपटला आणि बघते तर शिंपले. मसाल्याने लाल झालेले, मध्ये माझ्या हाताने बारीक केलेलं चिकन. वरचं चीजसुद्धा अजून ताणलं जात होतं. मी अर्ध्या तासापूर्वी तिच्या हातात दिलेली टोपभर मॅकरोनी सबंधच्या सबंध त्या पिशवीत होती.

माणूस किती मूर्ख असतो बघा. तिथे उभ्या उभ्या मी तिच्या वतीने कारणं शोधत होते. पोरीचं पोट बिघडलं असेल. मीठ जास्त पडलं असेल. हातातून सांडलं असेल. घरी येऊन आमच्या टोपातली चव घेतली, मीठ बरोबर होतं. दोन्हीकडे मी एकाच चमच्याच्या मापाने मीठ घालायचे. नवऱ्याला काही बोलले नाही.

शनिवारी ती आली. टोपात खोबऱ्याच्या वड्या, वेलचीचा वास. आणि दारातच, हसत, "पोरींनी चाटूनपुसून खाल्लं गो."

तोंडात मारल्यासारखं झालं मला. नुसतं "बरं" म्हणून मी टोप घेतला. त्या आठवड्यात मी रोज ऑफिसला गेले, रोज संध्याकाळी तिच्या दारातून मुलीला घेतलं, रोज तिच्याशी दोन शब्द बोलले.

पुढच्या गुरुवारी मी मॅकरोनी केली. तशीच, वेगळा बोर्ड, वेगळी सुरी, त्यांचा टोप आधी. उगाच कुठे कमी पडले असं मला स्वतःला वाटायला नको होतं. साडेसहाला टोप दिला आणि खाली जाऊन आमच्या गाडीला टेकून उभी राहिले. पंधरा मिनिटंही झाली नसतील, ती जिना उतरून आली. हातात गाठ मारलेली पिशवी. मी दिसले तशी ती पिशवी मागे धरायला लागली.

"दे इकडे," मी म्हटलं आणि घेतलीच. गरम होती. प्लास्टिकला आतून वाफ धरली होती.

ती रडेल असं मला वाटलं होतं. रडली नाही. खाली बघून म्हणाली, "तुझ्यावर विश्वास आहे गो माझा. पण तुझ्या किचनमध्ये ते शिजतं ना. मला वाटतं, वाफ तरी लागलीच असेल. घास उतरत नाही."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"तीन वर्षं? एकदासुद्धा नाही?"

"धाकटीने एकदा खाल्लं होतं. मग मी सांगितलं तिला, आंटीचं तिखट असतं, पोट दुखतं."

म्हणजे ज्या पोरीने हौसेने मागितलं होतं, तिलाही माझ्या हातचं वाईट असतं म्हणून शिकवून ठेवलं होतं. माझा तोल गेला. मी म्हटलं, "मॉलमध्ये बर्गरच्या दुकानात बसता दर महिन्याला. त्याचे फोटो तूच मला दाखवतेस. तिथे तुमच्यासाठी तवा कोण धुतो?"

"तिथलं कोण बघायला जातं," ती हळूच म्हणाली.

"आणि माझं तू बघत होतीस. मी मशीन धुवून घेते, हाताने चिरते, सगळं तुझ्या डोळ्यांसमोर. नको म्हणाली असतीस तर एक दिवस वाईट वाटलं असतं मला. टोप कशाला आणून दिलास?"

"तू इतक्या प्रेमाने म्हणालीस. तोंडावर नाही म्हणवेना. तुला वाईट वाटू नये म्हणूनच गो सगळं."

"केसाने गळा कापलास माझा," मी म्हटलं. पिशवी डब्यात टाकली आणि वर आले. त्या रात्री आमच्या टोपातली मॅकरोनी नवरा आणि मुलगी जेवले, मी जेवले नाही.

खरं सांगायचं तर रागाच्या खाली एक आशा होती. वाटत होतं, चार दिवसांनी निवळेल. धर्माचं असतं एकेकाचं, आपण कोण बोलणार. मुलीला तर तिने पोटच्या पोरीसारखं वाढवलंय, रोज आपल्या पंगतीला बसवलंय. ते खोटं कसं असेल? नवराही हेच म्हणत होता. "आपली पोर तिथे दुपारभर असते, जरा सबुरीने घे," म्हणाला.

शुक्रवारी दुपारी मी मुलीला सहज म्हटलं, "थोडे दिवस तू शाळेतून समोर नाही गेलीस तर? ऑफिसच्या मैत्रिणीकडे जाशील?"

तिचा चेहरा पडला. "मग माझी प्लेट?"

"कुठली प्लेट?"

"माझी ब्लू प्लेट. आणि ब्लू ग्लास. आंटीकडे. दे आर स्पेशल, ममा. फक्त माझी आहे ती, दीदी लोकांना पण नाही देत आंटी. त्यांना स्टीलची." आणि वर अभिमानाने सांगितलं, "आणि मी स्वतः धुते. रोज. बाकी कोणी नाही टच करत."

मी तिच्या वेणीची रिबन सोडत होते. ती सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. "छान," म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते मी सात वर्षांच्या पोरीला?

शनिवारी सकाळी दार उघडलं तर कडीला पिशवी अडकवलेली. आत टोप, टोपात बेसनाचे लाडू, नेहमीपेक्षा जास्त, वर बेदाणे. ती स्वतः थांबली नव्हती. मी लाडू कचऱ्यात टाकू शकले असते. डब्यापर्यंत हात नेलाही. पण तिचं खाणं आम्ही आजवर कधी टाकलं नव्हतं, एक वडीसुद्धा नाही, आणि हात काही पुढे जाईना. मी ते बरणीत काढून ठेवले. मग टोप घासला. आतून, बाहेरून, सासऱ्यांच्या नावाच्या खाचांतूनही ब्रश फिरवला. पुसून कोरडा केला आणि समोरची बेल वाजवली.

तिनेच दार उघडलं. मी टोप तिच्या हातात दिला. सवयीने तिची नजर आधी आत गेली. टोप रिकामा होता. मग तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिला समजलं.

"तिची निळी प्लेट दे," मी म्हटलं. "आणि ग्लास."

ती वळली. ती किचनमध्ये जाईल असं मला वाटलं होतं. ती हॉल ओलांडून बाल्कनीत गेली. दारातून मला सगळं दिसत होतं. फरशी पुसायच्या बादलीशेजारी एक मोडकं स्टूल होतं, त्यावरून तिने प्लेट आणि ग्लास उचलला. परत येता येता ती ओढणीच्या टोकाने प्लेट घाईघाईने पुसायला लागली.

"राहू दे," मी म्हटलं. "माझी मुलगी रोज स्वतः धुते ती."