अँड, ऑर आणि बोईसर

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. घरात प्लॅस्टिकच्या पिशव्या साठतात तसे ते आपोआप साठतात. आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तर तीनच शब्दांवर ढीग झाला: अँड, ऑर आणि नॉट.

नव्वदीची सुरुवात होती. दूर उत्तरेत शिकून मी बोईसरला परतलो तो एकच ध्यास घेऊन: इथल्या लोकांनी बेसिक ही कॉम्प्युटरची सोपी भाषा इथेच शिकायची, तीही मराठीतून. कॉम्प्युटर एकच होता, माझा उत्साह मात्र दहांना पुरला असता.

*

शिंदे मूळचे साताऱ्याचे, एका कारखान्यात सुपरवायझर. कंपनीच्या बससाठी त्यांना सरावली आणि कुंभवलीच्या कामगारांची नावं हवी होती. त्यांनी लिहिलं: गाव सरावली ‘अँड’ गाव कुंभवली. स्क्रीन कोरी.

“सर, मशीन झोपलं.”

“शिंदे, इथे ऑर लागतो. एकच माणूस दोन्ही गावांत राहतो का?”

शिंदे विचारात पडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “एक फिटर राहतो. पण ते घरी माहीत नाही. म्हणजे, दोन्ही घरी.”

*

वेल्डर यादवची अडचण उलटी. बॉयलर कधी चालू ठेवायचा, यावर त्याने सरावाचा प्रोग्राम लिहिला: तापमान ठीक ‘ऑर’ दाब ठीक. त्याच्या हिंदीत ‘और’ म्हणजे आणि!

“यादव, दाब वाढला तरी हा चालूच राहील. बॉयलर फुटेल.”

“तो एक और लगा देंगे, सर.”

*

भारती दातिवऱ्याची, आई मासळी विकायची. घरात तिच्या लग्नाची बोलणी चालली होती. नोकरी मिळाली तरच ही बोलणी थांबणार होती, म्हणून भारती जिवाच्या आकांताने शिकत होती.

तिने हजेरीचा प्रोग्राम केला. हजर म्हणजे एक, गैरहजर म्हणजे शून्य. ‘नॉट हजर’ असेल त्याचं नाव दाखव. मशीनने सगळा वर्ग गैरहजर दाखवला, समोर बसलेल्या भारतीसकट.

मी तळमळीने समजावलं, “बेसिकमधला नॉट आकड्यातला प्रत्येक बिट उलटा करतो. म्हणून एकाचं शून्य न होता उणे दोन होतं. आणि मशीन फक्त शून्याला खोटं मानतं, बाकी सगळं खरं.”

“म्हंजे याला नाय बोललं तरी हा हायच ऐकतो?”

“हो.”

“मंग आमची आई पन बेसिकवरच चालते.”

*

भारतीला तारापूरच्या एका कारखान्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं, त्याच आठवड्यात तिची आई क्लासमध्ये आली.

“सर, पोरीला सांगा. नोकरी नायतर लगीन. दोनी नाय.”

मला तर शिकवायला निमित्तच हवं असायचं. “मावशी, आमच्या भाषेत याला एक्सऑर म्हणतात. दोनांतलं एकच खरं.”

“आन दोनी पायजे असल तर?”

भारती चटकन म्हणाली, “मंग अँड.”

“अंडं?”

“अँड, आई.”

आई मासळीची टोपली उचलून निघून गेली. मुलाखतीला मात्र लेकीबरोबर गेली आणि केबिनच्या दारातच उभी राहिली. साहेबांनी भारतीला शेवटचा प्रश्न विचारला, “लग्न करणार की नोकरी?”

उत्तर दारातून आलं. “सायेब, आमचं अंडं हाय.”

दुपारी मला साहेबांचा फोन आला. “मुलगी हुशार आहे, सोमवारपासून येऊ दे. फक्त तिच्या आईला तेवढा निरोप द्या, मी शाकाहारी आहे.”